गावाच्या कामाला सोबती कसे जोडावेत

जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावात आठ-दहा माणसे काही नवे करायचे म्हणून एकत्र बसली, की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो: यासाठी योजना कोणती आहे? मोसंबीची प्रतवारी करून थेट मोठ्या शहरात विकायची असो, डाळमिल टाकायची असो किंवा गावतलावातला गाळ काढायचा असो. प्रश्न योग्यच आहे. पण तो सगळ्यात आधी आला की पुढचे सगळे काम अर्जातल्या रकान्यांप्रमाणे वळते आणि अनुदान संपले की माणसे पांगतात. गावाचे उत्पन्न वाढवणारे काम उभे करताना संस्था, सरकारी खाती, बँक, व्यापारी, कारखाने यांना सोबत कसे घ्यायचे आणि ती सोबत कशी टिकवायची, ते इथे क्रमाने पाहू. आपल्याला यातले काहीच माहीत नाही असे धरूनच सुरुवात करू.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. १९९६च्या सुमारास तिथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पाणलोट म्हणजे ज्या भागात पडलेला पाऊस एकाच ओढ्या-नाल्याकडे वाहत येतो तो सगळा भाग. पैसा जर्मनीच्या विकास सहकार्यातून आला आणि तो नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेमार्फत उतरला. तांत्रिक काम आणि गावाशी रोजचा संबंध मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व त्यांचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांनी सांभाळला. कष्ट, जमीन आणि निर्णय गावाचे होते. यातला एक जरी मागे सरला असता तरी काम अर्धवट राहिले असते. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून लोकांनी त्या तोडल्या, त्या वर्षी कडवंचीच्या बागा तगल्या.

आता पहिली पायरी. पाहुण्यांना बोलावण्याआधी आपण आपले गाव पाहायचे. याला शिवारफेरी म्हणतात: गावातली माणसे आणि जाणकार मिळून सगळे शिवार पायी फिरतात. कुठे माती वाहून जाते, कोणत्या विहिरीला कधीपर्यंत पाणी असते, पडीक गायरान किती, कोणता माल कुठल्या व्यापाऱ्याकडे जातो, हे जागेवर लिहून काढायचे. इंडो-जर्मन कार्यक्रमात हे गटनंबरनिहाय होत असे. प्रत्येक शेताच्या बांधावर उभे राहून मालकाशी, आणि घरच्या बाईशीही, बोलून त्या शेतात काय करायचे ते ठरे. पाणलोट सोडून दुसरे काम असेल तरी पद्धत हीच ठेवा. मोसंबीचा गट करायचा असेल तर प्रत्येक बागेतली झाडे, त्यांचे वय, कोणता बहार धरला आहे, मागच्या हंगामात कोणता भाव मिळाला, हे घरोघर जाऊन टिपा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ही माहिती ग्रामपंचायतीत बसून, सातबाऱ्यावरून भरणे. कागदावरची विहीर आणि शेतातली विहीर यांत बराच फरक असतो. पुढे अधिकारी किंवा बँकेचा माणूस पाहणीला आला की तो फरक उघडा पडतो, आणि पहिल्याच भेटीत गेलेला विश्वास परत यायला वेळ लागतो.

दुसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. कामामुळे गावात कोणाचे काय बदलणार, याची यादी करा. ज्याला फायदा होणार तो आपोआप बैठकीला येतो. ज्याचे नुकसान होणार तो येत नाही, घरी बसून राहतो, आणि वर्षभराने काम अडते तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण होते.

पाणलोटाच्या कामात हे स्पष्ट दिसते. माथ्यावरच्या जमिनीत चर खणले, गवत आणि झाडे लावली की तिथे चराईबंदी करावी लागते. बंदी कोणाला जाचते? ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याला. पाणी साठते ते खालच्या बाजूच्या शेतांत, विहिरी भरतात त्या बागायतदारांच्या. म्हणजे त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. हे आधी मान्य केले तर मार्ग निघतात. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्यायचा, गायरानाचा एक भाग आळीपाळीने चराईला मोकळा ठेवायचा, मजुरीच्या कामात त्यांना प्राधान्य द्यायचे, तलावातली मासेमारी त्यांच्या गटाकडे सोपवायची. हे सगळे काम सुरू होण्याआधी बोलायचे असते.

बायकांचेही तसेच. समितीत दोन नावे घालून भागत नाही. बैठक किती वाजता ठेवता, याला फार महत्त्व आहे. रात्री चावडीवर बैठक ठेवली की बचत गटातल्या, रोज शेतावर जाणाऱ्या बाया येणार नाहीत. पण पाणी भरणाऱ्या, जनावरांचे करणाऱ्या आणि घरखर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या त्याच आहेत.

यादी झाली की तिसरी पायरी, ग्रामसभा. बाहेरच्या कोणत्याही संस्थेला किंवा खात्याला गावाचे म्हणणे ठरावाच्या रूपात लागते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, म्हणजे ठरावीक संख्येने मतदार हजर असावे लागतात: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे. ठरावात कामाचे नाव, जागा, समितीतील सदस्य आणि गाव स्वतः काय देणार, हे स्वच्छ लिहा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीकडून घेऊन आपल्या फाइलला लावा. घाईघाईने सह्या गोळा करून केलेला ठराव कधी ना कधी त्रास देतो. कोणीतरी हरकत घेतो, आणि मग ती सभा झालीच नव्हती असे निघते.

चौथी पायरी: पैसे मागण्याआधी थोडे काम स्वतः करून दाखवा. इंडो-जर्मन कार्यक्रमाचे प्रवर्तक फादर हर्मन बाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नियमच केला होता. गावाने आधी श्रमदान करायचे, मग लहानशा क्षेत्रावर काम करून पाहायचे आणि ते नीट झाले तरच पूर्ण प्रकल्प. यात गाव स्वतःलाच तपासून घेते. श्रमदानाला कोण येतो, कोण येत नाही, हिशोब कोणाला जमतो, भांडण झाल्यावर कोणाचे ऐकले जाते, हे चार दिवसांच्या कामात जेवढे कळते तेवढे वर्षभराच्या बैठकांत कळत नाही. आपला प्रकल्प डाळमिलचा असेल तर पहिल्या हंगामात वीस घरांची तूर एकत्र करून भाड्याच्या मिलमध्ये डाळ करा आणि विकून पाहा. तोटा झाला तर तो लहान असेल, आणि कुठे झाला ते कळेल.

आता पाचवी पायरी, सोबती शोधण्याची. प्रत्येक सोबत्याकडे देण्यासारखे काय आहे आणि त्याला बदल्यात काय हवे आहे, या दोन्ही गोष्टी आपल्याला सांगता आल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट विचारायला आपण लाजतो. विचारावी.

जालना शहराचे घाणेवाडी जलाशयाचे काम पाहा. निजामकाळातला हा तलाव शहराला पाणी पुरवत आला. त्यात गाळ साचून साठा घटला. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने शहरातले नागरिक आणि उद्योजक पुढे आले, यंत्रांचा खर्च उचलला गेला आणि शेतकऱ्यांनी गाळ आपल्या शेतात नेला. शहराला पाणी मिळाले. शेतकऱ्याला हलक्या जमिनीवर टाकायला सुपीक माती मिळाली. शहर दुष्काळात बंद पडू नये यात उद्योजकाचेही हित होते. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली तिच्या मुळाशी हाच व्यवहार आहे: यंत्र आणि इंधन एका बाजूने, वाहतूक शेतकऱ्याकडून.

जालन्यात असे सोबती कुठे मिळतात? तांत्रिक सल्ल्यासाठी खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि बदनापूरची कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत. तुरीचे बीडीएन ७११ हे लवकर येणारे वाण बदनापूरचेच. बियाणे उद्योग तर इथल्या मातीत रुजलेला: बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली. बीजोत्पादनाचे करार घेणाऱ्या कंपन्या गावोगाव येतात, त्यांच्याशी एकट्याने बोलण्यापेक्षा गटाने बोलल्यास अटी बऱ्या मिळतात. महिलांच्या गटांसाठी उमेद हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. मजुरीच्या कामांसाठी रोजगार हमी आहे.

पोलाद कारखान्यांचे शहर असल्याने कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही आपले लक्ष जाते. याला सीएसआर म्हणतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. म्हणजे प्रत्येक कारखान्याला हा नियम लागू नाही. शिवाय हे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचे असतील तर त्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी असावी लागते, आणि सहसा तीन वर्षांचा कामाचा अनुभवही. कालच स्थापन झालेले आपले मंडळ त्यात बसत नाही. अशा वेळी अनुभवी संस्थेला मध्ये घ्यावे आणि कामाची जबाबदारी दोघांत वाटून घ्यावी. ही गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी चांगले प्रस्ताव कारखान्याच्या दारातून परत येतात.

सहावी पायरी आपल्या गटाच्या कायदेशीर रूपाची. काम सार्वजनिक असेल, म्हणजे तलाव, पाणलोट, शाळा, तर ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा नोंदणीकृत संस्था पुरते. माल विकून नफा वाटायचा असेल तर सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी लागते. उत्पादक कंपनी म्हणजे किमान १० शेतकरी मिळून, स्वतःच भागधारक होऊन काढलेली कंपनी. तिला किमान ५ संचालक लागतात आणि भाग कितीही असले तरी साधारणपणे एका सभासदाला एकच मत असते. केंद्र सरकारच्या २०२०च्या १० हजार उत्पादक कंपन्यांच्या योजनेत सपाट प्रदेशासाठी किमान ३०० सभासदांची अट होती.

घाई इथेच फार होते. कंपनी काढणे सोपे झाले आहे. सनदी लेखापाल काही आठवड्यांत नोंदणी करून देतो. पण नंतर दर वर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा आणि कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रे ही कामे येतात. ती चुकली की दंड चढत जातो, व्यवहार केला नसला तरीही. म्हणून माझे मत असे: दोन हंगाम माल एकत्र विकून दाखवल्याशिवाय कंपनी काढू नये.

सातवी पायरी, लेखी समझोता. याला सामंजस्य करार म्हणतात. तो लांबलचक नको, पण काही प्रश्नांची उत्तरे त्यात हवीतच. कोण काय देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. जागा कोणाच्या नावावर राहणार. यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोणाची. एखादा सोबती मध्येच बाहेर पडला तर त्याच्या पैशाचे आणि सामानाचे काय. वाद झाला तर पहिल्यांदा कोणासमोर मांडायचा. तोंडी बोलणे कितीही गोड झाले असले तरी हे लिहून घ्या, कारण बोललेली माणसे बदलतात. अधिकाऱ्यांची बदली होते, सरपंच पाच वर्षांनी बदलतो, कंपनीतला ओळखीचा साहेब दुसऱ्या शहरात जातो. नवा माणूस कागद मागतो.

शेड, गोदाम, शीतगृह अशा कामांत जागेचा मुद्दा सगळ्यात जास्त चिघळतो. कोणीतरी मोठ्या मनाने आपल्या शेतातली जागा देतो, बांधकाम होते, भावांच्या वाटण्या होतात आणि गोदामाला कुलूप लागते. नोंदणीकृत भाडेपट्टा किंवा बक्षीसपत्र झाल्याशिवाय पाया खणू नका, मग देणारा कितीही जवळचा असो.

आठवी पायरी बँक खात्याची. खाते समितीच्या नावाचे आणि संयुक्त सह्यांचे असावे. इंडो-जर्मन कार्यक्रमात पैसे गाव पाणलोट समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात येत. गावाला संस्थेशिवाय आणि संस्थेला गावाशिवाय पैसे काढता येत नसत. ही रचना आपणही करावी. सही करणाऱ्यांत एक महिला असावी आणि ती कोऱ्या धनादेशावर सही करणारी नसावी. महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे मिळालेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असे लेखी प्रमाणित करणे. ते वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. गावाला वाटते की खात्याने फसवले. बहुतेक वेळा आपल्याच पावत्या जमलेल्या नसतात.

यानंतर बाजाराची पायरी, आणि ती खरे तर पाचवीच्या बरोबरीने सुरू व्हायला हवी. रेशमाचे उदाहरण त्यासाठी उपयोगी आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली, रोजगार हमीतून तिला आधार मिळाला, पण कोष विकायला शेतकऱ्याला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागे. कोष फार दिवस ठेवता येत नाहीत. आतल्या अळीचा पतंग होतो, तो कोष फोडून बाहेर येतो आणि धागा तुटतो. गाडीभाडे, मुक्काम आणि परत आणता न येणारा माल, यामुळे पडेल तो भाव घ्यावा लागे. २०१८ साली जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. बाजार समितीची जागा आणि लिलावाची यंत्रणा, रेशीम खात्याचे तांत्रिक ज्ञान, धागा काढणारे खरेदीदार आणि शेतकऱ्यांचा माल, हे एका आवारात आले. यातले नवे म्हणावे असे काहीच नव्हते. सगळे आधीपासून होते, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

यावरून आपल्या प्रकल्पासाठी एक तपासणी करून घ्या. माल तयार होण्याआधी किमान दोन खरेदीदारांशी प्रत्यक्ष बोलणे झाले आहे का? त्यांना कोणत्या आकाराचा, किती आणि कोणत्या महिन्यात हवा? पैसे किती दिवसांनी देणार? एकाच खरेदीदारावर सगळे अवलंबून ठेवू नका. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या नावावर या भागातल्या उत्पादकांचा कायदेशीर हक्क आहे. पण नाव वापरायचे तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि दर्जा सांभाळावा लागतो. नुसते प्रमाणपत्र भिंतीवर लावून भाव वाढत नाही.

शेवटची पायरी देखभालीची. पाहुणे निघून गेल्यावर काय उरते ते इथे ठरते. इंडो-जर्मन कार्यक्रमात श्रमदानाच्या मोबदल्यातला काही भाग देखभाल निधी म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत होती. आपणही पहिल्या दिवसापासून विक्रीतला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात टाका. नालाबांधातला गाळ, फुटलेला सांडवा, मिलची जळालेली मोटार, यांसाठी दर वेळी वर्गणी मागत फिरलात तर तिसऱ्या वेळी कोणी दार उघडत नाही.

आणि देखभाल फक्त बांधकामाची नसते, नियमांचीही असते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी हे जालन्यातल्या बागांचे बळ आहे हे खरे. पण पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी विहिरी आणि बोअरमधून उपसून ती भरली तर जमिनीखालचे सगळ्यांचे पाणी एकाच्या तळ्यात जाते आणि त्यातले बरेच उन्हात उडून जाते. एका वर्षी सर्वांनी मिळून जिरवलेले पाणी दुसऱ्या वर्षी ज्याचा पंप मोठा त्याचे होते. हिवरे बाजार या गावाने दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवले. आपल्या समझोत्यात पाणी वापराचा असा एखादा नियम नसेल, तर आजचे सोबती उद्या एकमेकांविरुद्ध बोअर घेतील.

आपल्या गावात असे काही करायचा विचार असेल तर अर्ज शोधण्याआधी एक दिवस काढा. खरपुडीच्या केंद्रात वेळ ठरवून जा, तिथून कडवंची पाहा, द्राक्षबागांइतकाच वेळ माथ्यावरचे चर आणि बांध बघण्यात घाला, आणि काम सुरू झाले तेव्हा विरोध कोणाचा होता व तो कसा सुटला हे तिथल्या वयस्क माणसांना विचारा. गाडीत बागायतदारांबरोबर एक भूमिहीन घरातला माणूस आणि बचत गटातल्या दोन बाया असू द्या.